कौदीचं पोट

गेल्या आषाढात आईच्या जिभेवरून ळ गेला. सकाळी चहाचा कप उचलताना तो तिच्या हातातून निसटला, आणि तुकडे वेचायला म्हणून वाकली ती तिथंच बसली. डॉक्टर म्हणाले, झटका लहान आहे, वेळेवर आणलंत. काही दिवसांनी ती घरी आली. उजवा पाय जरा ओढत चालायची. उजवा हात हळूहळू परत आला. बोलणं मात्र पूर्ण परत आलं नाही. पुष्कळ शब्द गेले, आणि जे राहिले त्यांतला ळ गेला. माझ्या चोपन्नाव्या वर्षीही ती मला बाळ म्हणायची, त्याचं बाल झालं. पोळीची पोली झाली. तिचं माहेर अळणावरच्या पुढचं, त्याचं अलणावर झालं.

घरातली मराठी जास्त गेली आणि बाजारातली, शेजारपाजारची कानडी जास्त टिकली. पाण्याला ती नीर म्हणायची, नाही म्हणायचं असलं की इल्ल. आमच्या घरात दोन्ही भाषा पहिल्यापासून एकाच ताटात वाढलेल्या, त्यामुळे तिचं बोलणं समजायला अडचण नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

हे लिहायला बसलो त्याचं कारण आधीच सांगून टाकतो. कानडीत शिवणकामाला होलिगे म्हणतात आणि पुरणपोळीला होळिगे. खऱ्या कानडी तोंडात या दोन शब्दांत आणखी एक फरक असतो, एकातला ओ आखूड आणि दुसऱ्यातला लांब. आम्हा मराठी घरांतल्या जिभांवर तो फरक कधी नीट बसला नाही. आमच्यापुरता दोन्हींत फरक एका ळचा, आणि तो ळच आईकडे राहिला नव्हता. त्या आश्विनात ती माझ्याकडे पुरणपोळी मागत होती आणि मी तिला शिवणकाम देत होतो. द्यायला शिवणकाम उरलं नाही, तेव्हा तिनं घातलेले टाके मी रोज उसवत होतो.

आम्ही धारवाडजवळ उणकलला राहतो. तलावाच्या मागच्या अंगाला शेतं मोडून प्लॉट पडले, त्यातल्या एकावर आमचं घर आहे. मी इथल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत गणित शिकवतो. बायको धारवाडला सरकारी कचेरीत जाते. दोघंही सकाळी निघतो ते संध्याकाळी परततो. म्हणून दिवसभर आईजवळ बसायला नवलगुंदकडची एक बाई ठेवली होती. स्वभावानं बरी, कामाला चोख, आईला अज्जी म्हणायची. पण आई रिकामी बसली की तिच्याही हाताबाहेर जायची. आईला रडू यायचं, ती दारापाशी जाऊन उभी राहायची, आणि बाईला खुणा करून मला फोन लावायला लावायची. मी वर्गात असायचो. फोन घेतला की पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा, आणि मग, "बाल."

"आई, मी शाळेत आहे. काय हवंय?"

पुन्हा श्वास. "बाल."

एकदा आमचे मुख्याध्यापक स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "सर, तुम्ही रोज येता, त्या फोनला तरी एक दिवस रजा द्या की." सगळे हसले, मीही हसलो. मनात मात्र आईचा राग आला. तो तिथल्या तिथं गेला, पण आला होता, हे खरं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात चालता ठेवा. श्रावण सरत आला होता. आठवडाभर झिमझिम आणि मध्येच एखादा दिवस लख्ख, असे आमच्याकडचे ते दिवस. अशा पहिल्या उन्हाच्या दिवशी आई दर वर्षी ट्रंका उघडून जुने कपडे गच्चीवर टाकायची आणि कौदी शिवायला घ्यायची. कौदी म्हणजे गोधडीच. खाली जुनं लुगडं, वर कपड्यांचे तुकडे, आणि कडेपासून सुरू करून आत आत येणारा धावदोरा. कौदी कडेकडून शिवत यायची आणि मध्यावर संपवायची, ही तिच्या माहेरची रीत. मी एका रविवारी ट्रंका गच्चीवर नेल्या. सतरंजी अंथरली. बायकोनं ओल्या शेंगा मीठ घालून उकडून आणल्या. आई मध्ये बसली आणि आम्ही दोघं एकेक कपडा तिच्यापुढं धरू लागलो.

त्या दुपारइतका आनंद आमच्या घरात मागाहून झाला नाही. शब्द नव्हते, पण कपडा हातात आला की आई तो कुणाचा ते करून दाखवायची. वडिलांचा शर्ट आला तेव्हा तिनं मान तिरकी करून कॉलरमध्ये बोट घालून खाजवलं. वडील अगदी तसंच करायचे. आम्ही हसून बेजार.

"आणि ही चड्डी कुणाची हो आई?" बायकोनं विचारलं.

आईनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि दुसऱ्या हातानं नाक दाबलं.

"एवढा वास यायचा?"

"बाल," आई म्हणाली, "घाण."

"बघा, आईंनीच सांगितलं. मी इतकी वर्षं म्हणतेय."

शेंगांची टरफलं वाऱ्यानं गच्चीभर पसरली. आईनं स्वतः तुकडे कापले. कात्री उजव्या हातात धरली तेव्हा अंगठा थरथरला, मग स्थिर झाला. ती कौदी लहान करायची, पायांवर घेण्यापुरती, हे तिनं हातांनी दाखवलं. कुणासाठी ते सांगायची गरज नव्हती. तिची थोरली बहीण, माझी मावशी, अजून तिकडे माहेरच्या गावीच राहते. रानाच्या कडेला घर, दसरा झाला की पहाटे गारठा पडतो. मावशीची नजर गेल्यापासून तिचं शिवणं थांबलं, तेव्हापासून तिच्या पांघरुणाचं काम आईनं आपल्याकडे घेतलं होतं.

पुढचे दिवस बरे गेले. शाळेला निघायच्या आधी मी सुया ओवून उशीला टोचून ठेवायचो, कारण नेढ्यात दोरा घालणं आईला जमत नव्हतं. बाकी सगळं तिला जमत होतं. टाके पूर्वीसारखे बारीक नव्हते, जरा सैल आणि लांब पडायचे, पण ओळ सरळ होती. फोन बंद झाले. संध्याकाळी घरी आलो की ती कौदीचं टोक माझ्यापुढं धरायची आणि आज कुठून कुठवर आले ते बोट फिरवून दाखवायची. गणपती झाले, पितृपक्ष लागला. पक्षात नवं काही धरायचं नाही, पण धरलेलं पुढं न्यायला हरकत नसते. ओळी आत आत येत राहिल्या.

पक्ष संपत आला तेव्हा एका संध्याकाळी बाईनं मला फाटकातच गाठलं.

"सर, अज्जीगे होलिगे बेकंत. सकाळपासून तेच म्हणताहेत."

शिवणकाम हवंय. मला बरंच वाटलं. आत गेलो तर आई कौदी मांडीवर घेऊन बसलेली. सगळ्या ओळी पुऱ्या झालेल्या, फक्त मध्यावर तळहाताएवढी जागा उघडी. तिनं त्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "होलिगे."

इथं मला थांबून एक गोष्ट लिहायला हवी, नाहीतर माझी चूक आहे त्याहून लहान दिसेल. ती उघडी जागा म्हणजे कौदीचं पोट. ते शिवून बंद करायच्या आधी त्यात पुरणपोळीचा तुकडा घालायचा असतो. कौदी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला झोप लागत नाही, असं आईच्या माहेरी मानतात. पोळी तव्यावर पापडासारखी कडक करून तिचा नखाएवढा तुकडा आत ठेवायचा म्हणजे मुंग्या येत नाहीत. हा रिवाज सगळीकडे नाही. नवलगुंदच्या त्या बाईला तो माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण मला होता. लहानपणी उरलेली पोळी मीच खायचो. वडील दर वर्षी म्हणायचे, "या घरात आधी कौदी जेवते, मग मी." आणि होलिगेला होळिगे लागते, हा त्यांचा ठरलेला विनोद होता. तरीही मला आठवलं नाही. आईला मधुमेह, झटक्यानंतर डॉक्टरांनी गोड पूर्ण बंद केलेलं, घरात नैवेद्यालासुद्धा केळं. पुरणाचा विचार आमच्या डोक्यातच नव्हता. पण खरं कारण ते नाही. आई शिवत होती तोवर माझा दिवस नीट जात होता. म्हणून तिनं तोंड उघडलं की मला शिवणकामच ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शिंप्यांच्या दुकानांतून चिंध्यांची पिशवी भरून आणली. आईनं पिशवीत हात घातला, नव्या कापडाचे तुकडे वर करून पाहिले आणि पिशवी बाजूला सारली. पुन्हा कौदीवर बोट. "होलिगे."

"अगं, त्याचंच दुसरं कर की."

"इल्ल. होलिगे." आवाज चढला. डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी वर्गात असताना पुन्हा फोन येऊन गेला होता. बाई जाताना म्हणाली, "सर, अज्जी अशाच करायला लागल्या तर मला जमायचं नाही बघा."

त्या संध्याकाळी आई जेवून झोपल्यावर मी कौदी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पसरली. दाढीचं ब्लेड घेतलं आणि सगळ्यात आतल्या दोन ओळी उसवल्या. सैल टाके होते, भराभर निघाले. दोरे केराच्या डब्यात टाकले. मला वाटलं, तिला याच कौदीवर शिवायचंय, तर शिवू दे.

सकाळी आईनं कौदी हातात घेतली. उसवलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मग सुई उचलली आणि त्या ओळी पुन्हा घातल्या. दिवसभर फोन आला नाही.

मग मी ते रोज करू लागलो. घट बसले, माळा चढल्या, आणि रोज जेवणानंतर मी ओट्यापाशी उभा राहून तिचं दिवसभराचं काम काढून टाकत होतो. कधी दोन ओळी, कधी एक पूर्ण बाजू. बायकोनं पहिल्या दिवशी पाहिलं तेव्हा तिला मी चूक दुरुस्त करतोय असं वाटलं. पुढं तिच्या लक्षात आलं.

"अहो, हे काय चाललंय?"

"व्यायाम आहे तिचा. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"डॉक्टरांनी शिवायला सांगितलंय, उसवायला नाही."

"मग तू टाक रजा आणि बस तिच्यापाशी."

आईच्या आजारपणात तिची सगळी रजा संपलेली होती, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच ते बोललो. तिनं दुधावर झाकण ठेवलं आणि निघून गेली. त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही, आणि तिचं न बोलणं मी संमती म्हणून वापरलं.

आईत होणारा बदल मला दिसत नव्हता असं नाही. ती टाके आवळून घालू लागली. एकाच ओळीवर दुसरी ओळ, टाक्यावर टाका, दोऱ्याला गाठीवर गाठ. गाठी सोडवायला मला जास्त वेळ लागू लागला, आणि मी वैतागलो. मध्येच शिवणं थांबवून ती उजवा हात डाव्या हातात धरायची आणि उलटसुलट करून बघत बसायची. एकदा तो हात तिनं माझ्यापुढं केला. "गेला," ती म्हणाली.

"दुखतोय?"

तिनं मान हलवली. "गेला. हात."

मला वाटलं, आखडलाय. मी तेल कोमट करून आणलं आणि बोटं चोळून दिली. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, तिला बरं वाटतंय.

मधूनमधून ती होलिगे म्हणायचीच. पण आवाज खाली आला होता.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं पूजेला लावतात. विळी, कात्री, माझी भूमितीची पेटी, स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि शेवंतीचं फूल. आईनं तिची कात्री, अंगुस्तान आणि सुयांची उशी स्वतः आणून पाटावर मांडली. त्या दिवशी हत्यार वापरायचं नसतं. दुसऱ्या दिवशी दसरा. पूजा उतरवताना मी कात्री आणि उशी आईपुढं केली. तिनं ती घेतली नाही. उशी माझ्या हातात तशीच ठेवून तिनं माझी बोटं तिच्यावर मिटवली आणि उठून खिडकीपाशी जाऊन बसली.

त्यानंतर तिनं सुई धरली नाही. काही मागणंही बंद झालं. बाई म्हणाली, "अज्जी आता अगदी शांत झाल्या, सर. काही त्रास नाही." फोन येईनात. इतकं लिहिलंच आहे तर हेही लिहितो, की पहिले दोन-तीन दिवस मला सुटल्यासारखं वाटलं. सहामाहीचे पेपर तपासायचे होते, ते मी शांतपणे तपासले.

मग मावशीचा फोन आला. आईला ऐकायला सोपं जावं म्हणून मी फोन मोठ्या आवाजावर ठेवून तिच्या मांडीवर दिला.

"काय गं तंगी," मावशी ओरडूनच बोलते. धाकट्या बहिणीला ती कायम कानडीतच तंगी म्हणत आलीये. "बन्नीचं सोनं वाटून झालं, दसरा होऊन गेला, आणि माझी कौदी कुठं अडकली? इथं पाय गारठले माझे."

आई म्हणाली, "अक्का. होलिगे इल्ल."

"होळिगे नाही?" मावशीला क्षणभरही वेळ लागला नाही. "अजून पोट भरलं नाहीस होय तिचं? अगं, मग सुनेला सांग की. मूठभर डाळ शिजवायला काय धाड भरलीय तिला? का तुझा लेक डाळसुद्धा मोजून देतो, गणिताचा मास्तर?"

मी खुर्चीवरून उठलो आणि पुन्हा बसलो.

"हात इल्ल, अक्का," आई म्हणाली.

"काय झालं हाताला? हात तर आला परत म्हणाले सगळे."

"टाके..." आई शब्द शोधत राहिली. मिळाला नाही. तिनं डाव्या हातानं हवेत दोरा ओढून काढल्यासारखं केलं, जणू मावशीला ते दिसणार होतं. "राहत इल्ल."

तेव्हा मला सगळं एकदम कळलं. रोज सकाळी कौदी हातात घेतल्यावर तिनं काय पाहिलं असेल, ते कळलं. काल घातलेले टाके आज नाहीत. घट्ट घातले तरी नाहीत, गाठी मारल्या तरी नाहीत. झटक्यानं तिची जीभ गेली होती, पाय गेला होता, पण हात परत आलाय असं तिला वाटत होतं. तो विश्वास मी रोज दोन-दोन ओळींनी काढून घेतला होता.

बायकोला सांगितलं. तिनं रात्रीच डाळ भिजत घातली आणि सकाळी पुरण शिजवलं. वेलदोड्याचा वास घरभर गेला तसा आईचा ओढलेला पाय पॅसेजमध्ये ऐकू आला. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तव्यावरच्या पोळीकडे बघून म्हणाली, "होलिगे."

"होय आई, होळिगे," बायको म्हणाली, आणि तिनं पोळी उलटली.

पोळीचा एक कोपरा कडक भाजून घेतला. मी कौदी आईपुढं अंथरली. शेवटच्या वेळी उसवलेल्या ओळी तशाच होत्या. आईनं नखाएवढा तुकडा मोडला, पोटात ठेवला आणि वरून कापड सारखं केलं. मी ओवलेली सुई पुढं केली. तिनं हात मागे घेतला आणि पदराखाली झाकला.

"आई," मी म्हणालो, "तुझा हात चांगला आहे. टाके मी उसवले. रोज, तू झोपल्यावर. मी."

तिनं पदराखालचा हात आणखी आत ओढला.

"मी काढले, आई. या हातांनी. तुझे टाके सुटले नाहीत."

"याक?" तिनं विचारलं. का.

"तू शांत बसावंस म्हणून," असं मी म्हणालो. ऐकताना ते मलाच खरं वाटलं नाही, इतकं ते वाईट होतं. आई माझा चेहरा न्याहाळत होती. हळूहळू तिच्या तोंडावर हसू आलं. माझी लहानपणची खोटी बतावणी पकडली की यायचं तसं. तिनं डाव्या हातानं माझा गाल थोपटला. "शाणा बाल," ती म्हणाली.

तिला वाटलं, तिला बरं वाटावं म्हणून मी हे रचून सांगतोय.

मी घायकुतीला आलो. "नाही आई, खरंच. हे बघ, दाखवतो." ब्लेड आणलं, उसवलेल्या जागेलगतच्या एका ओळीत घातलं आणि दोरा ओढला. सैल टाके होते. तीन-चार टाके सरसर निघून माझ्या बोटांत आले. आईनं माझं मनगट धरलं.

"हो," ती म्हणाली. मग माझीच समजूत काढल्यासारखी, हळू, "सुटतात."

बायकोनं माझ्या हातातलं ब्लेड काढून घेतलं.

पोट मी शिवलं. मला शिवता येत नाही. टाके तिरके पडले, एक लांब, एक आखूड. आई शेजारी बसून कापड ताणून धरत होती. भोवतीच्या उसवलेल्या ओळीही मीच पुऱ्या केल्या. झाल्यावर तिनं माझ्या टाक्यात नख अडकवून ओढून पाहिलं. टाका हलला नाही. तिनं समाधानानं मान डोलावली.

पुढच्या रविवारी मी कौदी घेऊन मावशीकडे गेलो. ती सोप्यात बाजेवर बसलेली होती. तिनं कौदी मांडीवर घेतली आणि डोळे मिटून कडेपासून बोट फिरवत आत आली. मध्यावर थांबली.

"हे कुणाचे?"

"माझे."

"वाटलंच. मांजर शिवायला बसलं होतं की काय, म्हटलं. तिनं का नाही घातले?"

मी सगळं सांगितलं. तिचं बोट कौदीवरच होतं. माझं संपल्यावर म्हणाली, "फोन लाव."

घरी बाईनं फोन उचलून आईला दिला.

"तंगी, कौदी पोचली. ऐक नीट. कडेचे टाके तुझे आहेत. मी ओढून बघितले, एकसुद्धा सुटत नाही. माझं नख मोडायची वेळ आली. तुझा हात गेलेला नाही. तुझ्या या दिवट्यानं उसवले होते, मला सगळं सांगितलंन त्यानं."

मग आईचा आवाज आला. रागावलेला नव्हता, थोडा दमलेला होता.

"अक्का. तू पण?"

"मी काय खोटं बोलते होय?"

"थंडी," आई म्हणाली, "पडली?"

मावशीनं कौदीवरचं बोट उचललं. "पडतेय," ती म्हणाली. "हळूहळू."

फोन बंद झाल्यावर मावशीनं तो चाचपत माझ्याकडे दिला आणि कौदी पायांवर ओढून घेतली. मी म्हणालो, मावशी, तूच काहीतरी कर, तुझं ती ऐकते.

"आजवर ऐकत होती," मावशी म्हणाली. "ती तुला चांगला समजते रे बाळ. त्याला मी काय करू?"